सगळीकडे चार अंश

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बारा चौकोन होते. अकरा हिरवे, एक लाल. त्या लाल चौकोनाकडे पेन रोखून ओंकारसर म्हणाले, "अकोले बंद करू या." पंखा बंद करा म्हणावं इतक्या सहज म्हणाले. राजेश्वरी तेव्हा चहाचा कागदी कप तोंडाशी नेत होती. तो तिथूनच माघारी आला, टेबलाच्या कडेला टेकला, कलंडला, आणि पाऊण कप चहा तिच्या उघड्या वहीवर पसरला. "अरे अरे अरे," म्हणत शेजारच्या खरेदीवाल्यानं स्वतःची वही तेवढी झटकन उचलली. ती रुमालानं टिपत बसली. टिपता टिपता तिच्या लक्षात आलं की आपल्याला बोलायचंय, आत्ताच बोलायला हवं, आणि आपण चहा पुसतोय. चहा पुसायला असा किती वेळ लागतो? तिनं तो पुरवून पुरवून पुसला. वर पाहिलं तेव्हा पडद्यावर पनीरचे आकडे आले होते आणि ओंकारसर पुढे निघून गेले होते.

बैठक उठता उठता ते तिच्याकडे वळले. "मॅडम, अकोल्याची नोट तुमच्याकडून येऊ दे. सिस्टीम तुमची, तेव्हा सहीही तुमचीच शोभेल. चार वाजेपर्यंत द्या. दोन ओळी पुरे, डेटा बोलतोच आहे." "हो सर," ती म्हणाली. हो! एकोणीस वर्षांची नोकरी, क्वालिटीची मुख्य, हाताखाली चौदा माणसं, आणि तोंडातून निघालं काय, तर हो सर. जिन्यावरून खाली उतरताना तिला स्वतःचाच इतका राग आला की दोन पायऱ्या तिनं एकदम उतरल्या आणि पाय मुरगळता मुरगळता वाचला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एका चौकोनाचं एवढं काय घेऊन बसलात. तर या डेअरीचा कारखाना नगरच्या एमआयडीसीत, आणि दूध येतं जिल्हाभरातून. गावोगावचं दूध बारा केंद्रांवर जमतं, तिथल्या टाकीत ओततात, टाकी ते थंड करून चार अंशांवर आणते, मग टँकर ते नगरला घेऊन येतो. दूध गरम राहिलं की नासतं, एवढीच यातली विद्या. केंद्रावरच्या माणसानं दर तासाला टाकीचा काटा बघायचा आणि आकडा टॅबलेटवर टाकायचा. पाचाच्या आत असला तर चौकोन हिरवा. वर गेला की लाल, आणि लाल झाला की त्याच क्षणी ओंकारसरांच्या मोबाईलवर घंटी. ही सगळी मांडणी राजेश्वरीची. आठ महिन्यांपूर्वी मोठ्या साहेबांचा, डेअरीच्या मालकांचा, हा मुलगा ओंकार बाहेरच्या कंपन्यांत चार वर्षं काढून परत आला आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "इथं सगळं अंदाजपंचे चाललंय. मला या कंपनीत डेटा कल्चर हवंय. प्रत्येक निर्णय आकड्यावर." सगळ्यांनी माना डोलावल्या, पगार देणाऱ्यापुढे डोलावतात तशा. राजेश्वरीच्या मात्र छातीत खरोखर काहीतरी हललं. हे वाक्य कोणीतरी बोलावं म्हणून ती बाविसाव्या वर्षापासून थांबली होती.

बाविसाव्या वर्षी ती दुसऱ्याच एका डेअरीच्या लॅबमध्ये लागली होती. पहिल्या दिवशी सकाळी तिथल्या मोठ्या बाई टेबलावर तीन पेनं मांडून बसल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंतचं रजिस्टर भरून काढत होत्या. एक निळं पेन, एक काळं, आणि एक मुद्दाम जपून ठेवलेलं, अर्धवट सुकलेलं, खरडत चालणारं. "तपासायला आलेल्याला एकाच शाईत सगळं दिसलं तर संशय येतो गं," बाई म्हणाल्या. मोठ्या मायाळू बाई होत्या. डब्यातली शेंगदाण्याची चटणी आधी हिच्या पोळीवर वाढायच्या, मग स्वतः घ्यायच्या. त्यांनी दुपारी चारचा आकडा सकाळी नऊला लिहिताना हिनं पाहिलं. आठवड्याभरानं सुट्टीवर जाताना बाईंनी ती तीन पेनं हिच्या हातात दिली. हिनं घेतली. लिहिलंही, सहा दिवस. काही झालं नाही. दूध गेलं, लोकांनी प्यायलं, कोणी आजारी पडल्याचं कानावर आलं नाही, आणि हे काही न होणंच तिच्या मनातून कधी गेलं नाही. सुकलेल्या पेनाचा तो कर्र कर्र आवाज अजून कधी कधी कारण नसताना तिच्या दातांत उतरतो.

म्हणून तर ती टॅबलेटांच्या मागे लागली. कागद नको, पेन नको, वेळेची नोंद यंत्रच करील, पुढचा आकडा आधी टाकताच यायचा नाही. तिला खरं तर टाकीलाच यंत्र बसवून हवं होतं, आपोआप आकडा पाठवणारं. ओंकारसर म्हणाले, "आधी कल्चर, मग मशीन. माणसं बदलू द्या, मॅडम." तिनं तीन रंग सुचवले होते, दूध ओतायच्या वेळेला पिवळा. ते म्हणाले, "रंग दोनच ठेवा. तिसरा आला की लोक सबबी सांगतात." इथवरचं खापर ती दुसऱ्याच्या डोक्यावर फोडू शकत होती. पण ते निळं बटण? ते तिचं. काष्टीच्या केंद्रावरचा माणूस फोनवर कुरकुरला होता, त्याची बोटं कामानं राठ झालेली, काचेवर उमटेनात. दुपारी तासन् तास काटा हलत नाही, तोच आकडा पुन्हा पुन्हा काय टाकायचा? तिला त्याची दया आली. तिनं पडद्याच्या तळाशी एक निळं बटण करवून घेतलं, ‘मागीलप्रमाणे’. एकदा दाबलं की मागचाच आकडा परत लागतो. काष्टीवाल्याची सोय झाली. आणि काष्टीवाल्याची झाली तशी सगळ्यांची झाली.

पंधरा दिवसांत अकरा केंद्रं सपाट झाली. चार, चार, चार, चार. सकाळी सातला चार, आठला चार, नऊला चार. अहो, पण सकाळी आठला तर लोक नुकतं पिळलेलं कोमट दूध आणून टाकीत ओततात! ते पडल्यावर काटा जागचा हलणार नाही असं कसं होईल? तो वर उसळणार, दहावर जाईल, पंधरावर जाईल, आणि तास-दीड तासात हळूहळू खाली येईल. हे डेअरीत फरशी धुणाऱ्या बाईलाही कळतं. कारखान्यात पदव्या घेतलेली वीस माणसं रोज तो पडदा बघत होती, आणि वीसच्या वीस जण मूग गिळून बसली होती. राजेश्वरी एकविसावी. एकट्या अकोल्याचे आकडे खरे होते. चार, साडेअकरा, नऊ, सहा, चार, लाईट गेली की पुन्हा सात, आठ. आजारी माणसाच्या तापाच्या तक्त्यासारखे वर-खाली. पण त्यांना बघितलं की दिसायचं, तिथे कोणीतरी उठून टाकीपाशी गेलंय.

तो उठून जाणारा माणूस म्हणजे कारभारीमामा. पन्नाशी उलटलेला, पायात टायरच्या चपला, वाचायला नाकाच्या टोकावर चष्मा. अकोल्याच्या वरच्या अंगाला डोंगरात ते केंद्र, आणि तिथलं शिकवणं तिनं स्वतः केलं होतं, दोन दिवस मुक्काम करून. बाहेर भाताची खाचरं, आत टाकीची घरघर. मामांनी टॅबलेट दोन्ही हातांनी धरला होता, पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या धरावा तसा. "जे दिसेल तेच लिहायचं, मामा," ती म्हणाली होती. "वाईट दिसलं तरी तेच. वाईट लिहाल तर आम्हाला कळेल, आणि कळलं तर मदत करता येईल." मामा म्हणाले होते, "व्हय मॅडम. काटा दावील ते लिवायचं. माजं काय जातंय?" आणि राहीबाई नावाची एक म्हातारी, वरच्या वाडीवरून डोक्यावर साडेतीन लिटरची किटली घेऊन पायी उतरायची, ती पडद्यात डोकावून म्हणाली होती, "बाई, आमचं दूध दिसतं का यात?" "दिसतं की, आजी." "नगरला बी दिसतं?" "नगरला पण दिसतं." म्हातारी इतकी खूश झाली की तिनं पडद्याला हात लावून तो कपाळाला लावला. मागची माणसं हसली. राजेश्वरीही हसली होती, पण परतीच्या जीपमध्ये तिला भरून आलं होतं, आणि का ते तिला कोणाला सांगता आलं नसतं.

मदत? मदत कसली. अकोल्याच्या जनरेटरची बॅटरी गेली होती. तिनं चार वेळा मागणी पाठवली, आणि चारही वेळा तोच शेरा परत आला, अकोल्याची कामगिरी पाहता तूर्त थांबावे. मामा लाल लिहीत गेले कारण लाल लिहिलं की मदत येते असं तिनंच सांगितलं होतं, आणि लाल आहे म्हणून मदत आली नाही. आता केंद्रच जाणार. दोनशे चौदा घरांचं दूध. तिकडे वर दुसरं कोणी दूध घ्यायला चढत नाही. दूध खाली न्यायचं तर जीपचा रस्ता दीड तासाचा, आणि राहीबाईची साडेतीन लिटरची किटली घेऊन कोण जीप करणार? आणि मामा? मामांना काय सांगायचं? तुम्ही खरं लिहिलंत म्हणून?

तिनं संगणक उघडला. ‘विषय : अकोले शीतकरण केंद्र’ एवढं लिहिलं आणि थांबली. साडेअकरा झाले होते. लॅबमधल्या मुली तिच्याकडे चोरून बघत होत्या. बातमी खाली पोचली होती तर. सोपं होतं की. एक ओळ लिहायची, अकरा केंद्रांचे आकडे खोटे आहेत, अकोल्याचे खरे आहेत. ओंकारसर विचारणार, "याला डेटा आहे का?" आणि डेटा नव्हता! खोट्याचा पुरावा काय द्यायचा, तर चार कधी चार राहत नाही एवढाच. सर म्हणणार, नवीन टाक्या आहेत, मॅडम, राहत असेल. अकोल्याचं दूध वेगळं तपासून दाखवावं, तर त्यांचा टँकर वाटेत आणखी दोन केंद्रांचं दूध भरून घेत येतो, नगरला पोचेपर्यंत सगळं एक झालेलं असतं. एकच भक्कम पुरावा होता. राहात्याचा तो दिवस. आणि त्या पुराव्यात ती स्वतः उभी होती.

एप्रिलातला दिवस. राहात्याला वाऱ्यानं तार तुटली होती, पहाटेपासून लाईट नव्हती, जनरेटर दुरुस्तीला गेलेला. ती अचानक जाऊन थडकली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. केंद्राचा प्रमुख कानिफनाथ दारातच भेटला, पांढरा शर्ट, बोटात अंगठ्या, बोलायला भारी गोड. ती थेट टाकीपाशी गेली. काटा अकरावर. अकरा! तिनं काचेवर बोटाचं नख वाजवून पाहिलं, अडकला असेल म्हणून. अडकला नव्हता. कानिफनाथ शेजारी येऊन उभा राहिला, काखेतला टॅबलेट काढला, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते निळं बटण दाबलं. "हे बघा मॅडम, हिरवं." आणि हसला. दडवायचं असतं तर गोष्ट वेगळी, तो दडवत नव्हताच, तो तिला सामील करून घेत होता. दुसऱ्या दिवशी ओंकारसर पुण्याला मोठ्या सभेत हा पडदा दाखवणार होते, तिलाही व्यासपीठावर बोलावणार होते. ती म्हणाली, "आजचं दूध वेगळं काढा, नगरला माझ्याकडे तपासायला पाठवा." "पाठवतो की. ऊन लई झालंय, रस घेणार का?" तिनं रस घेतला. ऊस, आलं, बर्फ. दूध तपासलं, थोडक्यात वाचलं, पुढे गेलं. पुण्याला टाळ्या पडल्या, तिला एक काचेचं सन्मानचिन्ह मिळालं, पेपरात जिल्ह्याच्या पानावर फोटो आला. त्या फोटोत ती हसतेय असं सगळे म्हणाले. ती दात आवळून उभी होती.

बारा वाजता फोन वाजला. कानिफनाथ. "नमस्कार मॅडम. अकोल्याचं ऐकलं. वाईट वाटलं बरं का." तिनं फोन दुसऱ्या कानाशी धरला. "कारभारी माणूस साधा हो. पण शिस्त नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार? आता नोट तुमच्याकडे आहे म्हणे." "तुम्हाला कोणी सांगितलं?" "कळतं ओ. मी काय म्हणतो ताई," तो मॅडमवरून ताईवर आला, आणि तिच्या मानेवर काटा उभा राहिला, "नोटेत आमचा कोणाचा विषय काढू नका. म्हणजे तुम्ही काढणार नाहीच, मला खात्री आहे. कारण मग एप्रिलचं निघणार. आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः हुतात. मी तर लहान माणूस, बटण तुमचं, मी दाबलं. रस कसा हुता, गोड हुता ना?" आणि तो हसला, अगदी घरच्यासारखा. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत. कधी उभी राहिली कोण जाणे.

जेवण गेलं नाही. डब्यातली मेथीची भाजी तिनं चमच्यानं इकडची तिकडे केली. समजा, लिहिलं खरं. मग काय होईल? ओंकारसरांच्या तोंडाचा रंग उडेल, पुण्याचं सगळं मातीत जाईल, अकरा केंद्रांवर चौकशी बसेल, आणि पहिला प्रश्न येईल तो तिलाच, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? एप्रिलपासून. नाही, त्याच्याही आधीपासून, मार्चपासून. मग आजवर गप्प का? आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. आई काष्टीला भावाकडे असते, तिला साखरेचा आजार. बोटाला टोचून घरीच मोजते आणि वहीत लिहिते. मागच्या महिन्यात राजेश्वरीनं वही पाहिली तर सगळं एकशेचाळीस, एकशेपंचेचाळीस. "आई, काल तर दोनशेसाठ आलं होतं ना?" "ते नाही लिहिलं." "का गं?" "डॉक्टर बिचारा किती मनापासून औषध देतो. त्याला वाईट वाटतं." ती आईवर ओरडली होती, वही आपटली होती, तुला कळतं का तू काय करतेस म्हणून. आई घाबरून बघत राहिली होती. आता भाजीकडे बघताना तिला ते बघणं आठवलं आणि चमचा खाली ठेवावा लागला.

दोन वाजले. अडीच वाजले. नोटेत तेवढीच ओळ, विषय. खिडकीबाहेर टँकर धुवायचं काम चाललं होतं, पाण्याचा फवारा पत्र्यावर आदळत होता, आणि त्या आवाजात तिच्या डोक्यात एक तिसरी वाट आली. आली ती एकदम तयार होऊन आली, जणू सकाळपासून दाराबाहेर उभी होती. कोणाचंच नाव घ्यायला नको. पुणं नको, एप्रिल नको. अकोल्याचा चौकोन हिरवा झाला की झालं! हिरवं केंद्र कोण बंद करतंय? मामांची नोकरी राहील, राहीबाईची किटली राहील, आणि पुढेमागे बॅटरीसुद्धा मिळेल, हिरव्यांना मिळते. मग सावकाश, सवडीनं, टाक्यांना यंत्रं बसवून घेता येतील. तिला इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की त्याचीच भीती वाटली. आपण कशाला हो म्हणतोय हे तिला पुरतं माहीत होतं. तिनं फोन लावला.

"मामा, मी राजेश्वरी बोलतेय."

"बोला मॅडम. आज रेड आलं व्हय? सकाळी लाईट गेल्ती. साडेनऊ दावत हुता काटा, तसंच लिवलं. आता उतरलाय सातावर."

"हो, मामा, बघितलं मी. ऐका. तुमचं केंद्र बंद करायचं म्हणतायत."

पलीकडे टाकीची घरघर ऐकू येत होती. मामा म्हणाले, "आमचं? का वं? दूध तर कधी नासलं न्हाई आमचं."

"लाल जास्त येतं म्हणून."

"पर तुमीच म्हनला हुता..." ते थांबले. पुढचं बोलले नाहीत, तिची लाज राखावी तसे.

"हो. मी म्हणाले होते. आता मी सांगते ते करा. पडद्याच्या तळाला निळं बटण आहे, दिसतंय? आधी एकदा चार टाका हातानं. मग दर तासाला ते निळं दाबत जा. टाकीवर लक्ष नेहमीसारखंच ठेवायचं, हां मामा. ते सोडायचं नाही. काटा चढला, लाईट गेली, तर मला फोन करा, लिहू नका. लिहायचं फक्त चार."

"चार."

"हो."

"सात असलं तरी?"

टँकरवरचं पाणी बंद झालं होतं. "हो मामा."

"बरं," कारभारीमामा म्हणाले. त्यांनी वाद घातला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तरी तिला बरं वाटलं असतं. खरं लिहा म्हटल्यावर ज्या आवाजात व्हय म्हणाले होते त्याच आवाजात ते बरं म्हणाले. "मॅडमनं सांगितलंय म्हंजी बरूबरच आसंल," असंही पुढे म्हणाले, बहुतेक तिच्यासाठीच.

मग नोट झरझर लिहून झाली. अकोले केंद्रास तीस दिवसांची मुदत द्यावी, कर्मचाऱ्यास नव्याने मार्गदर्शन केले आहे, सुधारणा आजपासून अपेक्षित. सही केली. सही सुंदर आली, नेहमीपेक्षा सुंदर. पावणेचारला ती वर गेली तेव्हा ओंकारसर पडद्यासमोर उभे होते. नोट त्यांनी वाचली, भुवया वर केल्या, आणि तेवढ्यात, तिच्यासमोर, तिकडे डोंगरात कोणाचं तरी बोट काचेवर टेकलं आणि लाल चौकोन हिरवा झाला. बाराच्या बारा हिरवे. "ओहो!" ओंकारसरांनी टाळी वाजवली. "बघितलंत? यालाच म्हणतात कल्चर. माणूस बदलतो, मॅडम. फक्त आकडा त्याच्यासमोर धरावा लागतो." ते मनापासून बोलत होते, हेच वाईट होतं. त्यांच्या डोळ्यांत खराखुरा आनंद होता, पहिल्यांदा स्वतः सायकल चालवणाऱ्या पोरासारखा. "अकोले राहू दे. आणि त्यांचं ते बॅटरीचं काय होतं, ते काढा वर." ती म्हणाली, "हो सर." पडद्यावर इतकं हिरवं होतं की खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर त्याची झाक पडली होती, तिच्या हातांवरही पडली होती. तिनं हात मागे घेतले.

बॅटरीच्या मागणीवर मंजुरीचा शेरा पाच वाजता आला. लॅबमधली रुपाली, सगळ्यांत धाकटी, आनंदानं म्हणाली, "मॅडम, वाचवलंत तुम्ही अकोले!" तिनं मान हलवली. साडेसहाला स्कूटर काढून ती घरी निघाली, आणि एमआयडीसीच्या फाट्यावर आल्यावर तिला काही पुढे जाववेना. रस्त्याच्या कडेला गाडी लावून ती उभी राहिली. पेरूची पाटी घेऊन बसलेली बाई म्हणाली, "घ्या ताई, गोड हायती." तिनं ऐकलं नाही. तिला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती. सगळ्या जिल्ह्यात एक टाकी अशी होती जिच्यात काय चाललंय ते तिला ठाऊक असायचं. रात्री झोपण्यापूर्वी ती अकोल्याचे आकडे बघायची, कोणाला न सांगता, आणि नऊ, सहा, चार असे ते उतरताना पाहून तिला शांत झोप लागायची. आज तिथेही चार, चार, चार. ठीक आहे, पडद्यावर नसेना का. मामांना विचारू. मामांना तर माहीत असेल. मामा तिला खरं सांगतील, आणि ते एवढं दोघांत राहील, दोघांपुरतं तरी खरं कुठे राहील.

फोन बराच वाजला. मग मामांचा आवाज आला, मागे कोणीतरी किटल्या विसळत होतं.

"मामा, संध्याकाळचं दूध ओतून झालं?"

"व्हय मॅडम, झालं की. राहीबाई लई खूश हाय, केंद्र ऱ्हातंय म्हनून. तुमास्नी आशीर्वाद देती."

"मामा, मला एक सांगा. लिहिलंत ते राहू दे. खरं किती होतं? आत्ता सहाला काटा कितीवर होता?"

"बघितलं न्हाई मॅडम."

"म्हणजे? मी म्हटलं होतं ना, टाकीवर लक्ष ठेवा म्हणून?"

"म्हनला हुता," मामा म्हणाले. किटल्यांचा आवाज थांबला. "पर काटा बघितला ना मॅडम, की त्यो आकडा डोळ्याम्होरं ऱ्हातो. मग चार लिवाया बोट फुडं जात न्हाई. दोनदा करून बघितलं, न्हाईच जमलं. म्हनून मग टाकीकडं पाठ करून बसलोय."